आप्पासाहेबांचा हार

ज्या गावात आपण अकरा वर्षं संसार केला, त्या गावाला जाऊन आल्यावर प्रवासवर्णन लिहायचं नसतं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. "ठाणं म्हणजे काय काश्मीर लागून गेलंय?" नाही लागून गेलं, कबूल. पण मिरजेत येऊन मला आता बारा वर्षं होतील. इथल्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालता घालता मी ठाण्याला इतकी परकी झालेय, की परवा तीन दिवस गेलेले ते परमुलखात गेल्यासारखीच. आणि तिथे जे झालं ते कुणाला तरी सांगून टाकायचंय. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "झालं गेलं, सोडून दे." सुटत नाही, म्हणून लिहितेय.

शुक्रवार, वर्तकनगर

मी तिथे काय करायचे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एका मराठी मालिकेवर मी कंटिन्युइटी सांभाळायचे. नायिका दारातून आत येताना पिशवी डाव्या हातात असेल, तर दोन दिवसांनी पुढचा तुकडा घेताना ती उजव्या हातात जाता कामा नये. टिकली कुठली, बांगड्या किती, कपात चहा अर्धा की पाऊण, सगळं एका जाडजूड रजिस्टरात लिहायचं, आणि चुकलं की सगळ्या युनिटसमोर बोलणी खायची. चार वर्षं केलं हे मी. मालिका संपली आणि ह्यांची मिरजेला बदली झाली, ते एकाच महिन्यात.

नंदू आमचा प्रॉडक्शन मॅनेजर. त्याची वर्तकनगरची इमारत आता पाडणार आहेत, घर रिकामं करायचंय, म्हणून त्याने युनिटच्या जुन्या ग्रुपवर टाकलं, "शेवटचं बसू या माझ्याकडे." ग्रुपवर साठ माणसं. "येतोयच!" "तू फक्त तारीख सांग रे!" आणि अंगठ्यांचा पाऊस. प्रत्यक्षात जमलो पाच जण, सहावी नंदूची बायको, आणि ती तर घरातच होती.

आमच्या मिरजेत पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. इथे आधी वायफायचा पासवर्ड सांगितला. मग मिसळ आली. पहिल्याच घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी. "काय शुभे, सवय गेली वाटतं ठाण्याची!" नंदू हसला. मी नेलेलं भडंग मात्र सगळ्यांनी पिशवीतूनच मुठी भरभरून संपवलं. युनिटमधल्या मधूदादाच्या बायकोसाठी, सुमनवहिनींसाठी, घेतलेली एक पिशवी मी बॅगेत खाली दडवून ठेवली होती म्हणून वाचली.

खरं सांगू? फार वाईट गेली ती दुपार. एक जण विम्याचं बोलला, एक जण आपल्या साखरेचं बोलला. रोहिणी आमची मेकअपवाली, आता लग्नातल्या नवऱ्या सजवते, ती म्हणाली हल्लीच्या नवऱ्या रडत नाहीत, काजळ बिघडेल म्हणून. मग कोण कोण वारलं त्याची उजळणी झाली. मग कुणालाच काही सुचेना आणि एकेकाने फोन काढले. चार वर्षं बारा-बारा तास एका शेडमध्ये घाम गाळला होता आम्ही, एका ताटात जेवलेलो, आणि दीड वाजताच आमच्याकडे बोलायला काही उरलं नाही. रात्रभर प्रवास करून मी यासाठी आले होते का, असं वाटून मला रडूच येत होतं.

तेवढ्यात नंदू स्टुलावर चढला आणि त्याने माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "उठा, उठा! आप्पासाहेब आले!"

आणि सगळे खरंच उठून उभे राहिले. सेटवर तशी पद्धतच होती, दिवसाचा पहिला शॉट लागायच्या आधी आप्पासाहेबांच्या फोटोला हात जोडायचे. फोटोवरची धूळ पुसली, सेल्फी सुरू झाल्या, हशा, टाळ्या. दुपारभरात पहिल्यांदाच घरात जीव आला. मी मात्र फोटोवरच्या हाराकडे बघत राहिले.

आप्पासाहेब म्हणजे आमच्या मालिकेतल्या घरातले वारलेले वडील. पहिल्याच दिवशी भिंतीवर त्यांचा फोटो हवा होता, आणि ज्या म्हाताऱ्या नटाचा घ्यायचा ठरलेला तो ऐनवेळी उलटला. "जिवंतपणी हार घालून घ्यायला मी काय खुळा आहे का?" मग आमच्या धंद्यात करतात तेच केलं, युनिटमधला एक बरा चेहरा पकडला. मधूदादा प्रॉपर्टीवाला. सेटवरच्या कपबश्या, समया, पडदे सगळं त्याच्या ताब्यात. मूळचा कल्याणजवळच्या मोहने गावच्या कंपनीतला कामगार, कंपनी बंद पडल्यावर आमच्याकडे आलेला. रुंद कपाळ, भरघोस मिशा. त्याला कोट चढवला, काळी टोपी घातली, फोटो काढला, दुपारपर्यंत मोठा करून आणला आणि वर चंदनाचा हार. शिडीवर चढून तो भिंतीला टांगला तोही मधूदादानेच.

चार वर्षं त्या फोटोसमोर उभी राहून मालिकेतली आई रोज रडायची, आणि मधूदादा कॅमेऱ्यामागून विचारायचा, "आप्पासाहेबांना चहा मिळेल का कुणाकडून?" आम्ही हसून हसून मरायचो.

दुसऱ्या वर्षी सेटवर हळदीकुंकू केलं, घरच्यांना बोलावलं. तेव्हा मधूदादाची बायको आली, सुमनवहिनी. टीव्हीवर फोटो बघत होत्याच, पण त्या दिवशी समोर उदबत्ती जळताना बघितला. कुणाला काही न बोलता त्यांनी मला मेकअपरूमच्या मागे नेलं आणि माझा हात धरला.

"ताई, फोटो राहू दे. तेवढा हार काढा. माझं कुंकू आहे हो अजून."

"सांगते मी सरांना. काढू आपण," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

मी कुणालाही सांगितलं नाही. आदल्याच आठवड्यात एका पदरावरून मी बोलणी खाल्ली होती. हार काढा म्हणायचं, तर शेकडो भागांत दिसलेला हार अचानक गेला कुठे, हे लेखकापासून वाहिनीपर्यंत सगळ्यांना पटवावं लागणार, आणि तेही कंटिन्युइटीवालीने. आणि लपवून काय उपयोग, मला मनातून हसूही आलं होतं. भाबडी बाई, म्हटलं. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. पण तो हार सारखा सरकायचा, एका शॉटमध्ये डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, आणि ओरडा मला. म्हणून पंधरा दिवसांतच मी सुताराला बोलावलं आणि तो हार फ्रेमला बारीक खिळ्यांनी ठोकून घेतला. सहा खिळे. फ्रेम मधूदादाने धरली होती.

"हा फोटो मी नेते," मी नंदूला म्हटलं. "मधूदादाला देते."

"तो फोन उचलत नाही गं. ग्रुपही सोडला त्याने. पण घर तेच असणार, मोहन्याला. ने तू. नाहीतरी मी भंगारातच देणार होतो."

मिरजेहून निघतानाच माझं ठरलं होतं, एकदा सुमनवहिनींना गाठायचं आणि सांगून टाकायचं की मी विचारलंच नव्हतं. त्या काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं. आता हातात फोटोही आला.

शनिवार, बाळकुम

फोटो कुठल्याच पिशवीत मावेना. नंदूच्या बायकोने बाजाराची मोठी पिशवी दिली, तरी आप्पासाहेब टोपीपासून छातीपर्यंत बाहेर, हारासकट. तशीच मी रिक्षात बसले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि गाणं बंद केलं.

"वडील का, ताई?"

आता काय सांगणार त्याला! मालिका, प्रॉपर्टी, मधूदादा? "हो," म्हटलं.

"माझे पण गेल्या साली गेले. सरळ धरा, आडवा नका ठेवू." आणि तो प्रत्येक खड्ड्याला रिक्षा हळू करत गेला. उतरताना त्याने फोटोला नमस्कार केला. त्या भल्या माणसाला मी जिवंत माणसासमोर हात जोडायला लावले, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

आमची शेड बाळकुमला होती, वत्सलामावशींच्या जागेत. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. आधी भातशेती, मग शेड, आणि आता त्या जागेवर तीन टॉवर. मावशींना चौदाव्या मजल्यावर घर मिळालंय. फाटकावर माझा फोटो काढला, मावशींच्या सुनेला फोन लावला, तिच्या मोबाईलवर नंबर आला, तो मी सांगितला, तेव्हा आत सोडलं. एकेकाळी या अंगणात कोंबड्यासुद्धा आमच्या जेवणाच्या पंगतीत बेधडक शिरायच्या.

"अगो, शुभा नं तू? कवा आलीस? ये ये, घरान ये." मावशी तशाच, कानात सोन्याचं, अंगावर नऊवारी. खिडकीशी नेलं त्यांनी मला.

"सेट कुठे होता मावशी? मला तर काही ओळखू येत नाही."

"तो खाली निला निला दिसतंय नं, पवाचा तलाव, तिथंच तुमचा दिवानखाना व्हता. कोन पवत नाय. नुसता पानी भरून ठेवलाय."

चौदाव्या मजल्यावरून तो तलाव हातरुमालाएवढा दिसत होता. पलीकडे खाडी, तीही बांधकामांच्या आडून तुकड्यातुकड्याने. मावशी म्हणाल्या, त्यांना इथे झोप लागत नाही, पायाखाली जमीन नाही म्हणून. मी "हो का" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"जेवल्याबिगर जाशील तर बघ!" म्हणून त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. आमच्याकडे शनिवारी मासळीचं नाव काढलं तरी सासूबाई उपास मोडल्यासारखं करतात. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तेवढीच एक गोष्ट त्या तीन दिवसांत मनासारखी झाली.

दुसरी संपत आली तेव्हा मावशींचं लक्ष पिशवीकडे गेलं. "अगो बाय! यो तर मधू! गेला का काय?"

"नाही हो मावशी, तो मालिकेतला फोटो."

"अजून हार तसाच?" मावशींनी चुकचुक केली. "ती त्याची बायको, त्या हलदीकुंकवाच्या दिशी माझे ओट्यावर बसून किती रडली. मी पानी दिला. मंग जरा गप झाली. म्हनाली, येक ताय हाय, ती काढते म्हनाली, आता मना भ्या नाय."

मी हातातला घास ताटात ठेवला. त्या रडल्याचं मला ठाऊकच नव्हतं. मी तर हात सोडवून घेतला आणि पुढच्या शॉटला पळाले होते. रडून झाल्यावर त्या बाईला धीर आला तो माझ्या शब्दावर. मावशी विचारत राहिल्या, "भाकरी संपव नं, काय झाला?" आणि मी तिखट लागलं म्हणून वेळ मारून नेली.

रविवार, मोहने

कल्याणपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. पुढे मोहन्याची रिक्षा. इथे रिक्षात तीन अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून बसतात आणि उतरेपर्यंत कुणी कुणाकडे बघत नाही. मिरजेत एवढ्या वेळात माझं माहेर, सासर आणि मुलीचं लग्न, तिन्ही विचारून झालं असतं. आज मला ते बरंच वाटलं. आप्पासाहेबांना आजच मी वर्तमानपत्रात नीट गुंडाळलं होतं.

रस्त्याकडेला बंद कंपनीची भिंत लागते ती संपतच नाही. आत झाडं माजलीत, पत्रे उडालेत. एका टपरीवर पत्ता विचारला तर टपरीवाले आजोबा आधी कंपनीचंच सांगायला लागले. "भोंगा व्हायचा तेव्हा अख्खं मोहने घड्याळ लावायचं. आता काय, ज्याचं त्याचं घड्याळ." मधूदादाचं नाव घेतल्यावर म्हणाले, "सरळ जा. उजवीकडची चाळ, शेवटचं दार. एकटाच असतो." एकटाच, हा शब्द मी ऐकला, पण तेव्हा मनावर घेतला नाही.

दार उघडंच होतं. मधूदादा खाली बसून मिक्सर दुरुस्त करत होता. मिशा पांढऱ्या, गालफडं बसलेली. त्याने चष्मा वर केला.

"शुभाताई? मिरजेच्या?"

"ओळखलंस की!"

"बसा, बसा. पंखा लावतो."

मी भडंगची पिशवी काढली. "वहिनी कुठेत? हे त्यांच्यासाठी..." आणि तेवढ्यात भिंत दिसली. हिरव्या साडीतल्या सुमनवहिनी. खाली छोटी पणती.

"दिवाळीच्या आधी," मधूदादा म्हणाला. "तापाचं निमित्त झालं. आठ दिवसांत आटोपलं."

मी भडंगची पिशवी मांडीवर धरून खाली बसले. साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटरवरून मी एक वाक्य घेऊन आले होते, आणि ज्यांना सांगायचं त्या भिंतीवर. पाच महिने उशीर झाला होता मला. छे, पाच महिने कसले! तरी माझी मेली सवय बघा, डोळ्यांत पाणी असताना नजर फोटोच्या चौकटीवरून फिरलीच. हार नव्हता.

त्याने माझी नजर हेरली. इतकी वर्षं एकत्र काम केलेलं, कळणारच. "तिनेच सांगून ठेवलेलं. माझ्या फोटोला हार घालू नका. एकदा घातला की कुणी काढत नाही, म्हणाली."

तो स्क्रू ड्रायव्हर हातात फिरवत राहिला, मग आपणहूनच सांगू लागला.

"रोज साडेसातला इथे बसायची ती, या भिंतीला टेकून. पोरं चिडवायची, आईला मालिकेचं वेड लागलंय. वेड कसलं हो. आज हार काढला का, तेवढंच बघायची. फोटो दिसला की टीव्ही बंद. शेवटचा भाग होता ना, त्या दिवशी सकाळपासून म्हणत होती, आज तरी काढतील, आज काय, संपतेच आहे."

"तू काही सांगितलं नाहीस त्यांना?"

"काय सांगू? खिळे ठोकले तेव्हा फ्रेम मीच धरली होती की. घरी येऊन म्हणायचो, ताईंनी सांगितलंय सरांना, काढतील. नोकरी नवी होती, ताई. कंपनी गेल्यावर दोन वर्षं घरी बसलेलो मी."

"मधूदादा, ती ताई..."

"माहितेय मला. तुमचं नाव रोज निघायचं या घरात." तो उठला. "चहा टाकतो."

रागावला असता तर बरं झालं असतं. चहात आलं घातलं होतं, साखर बरोबर माझ्याएवढी, अर्धा चमचा. एवढी वर्षं झाली तरी त्याच्या लक्षात होतं.

मी वर्तमानपत्र सोडलं. त्याने आपला फोटो बघितला, बराच वेळ बघितला, मग मोरीवरच्या फळीवरून पक्कड आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

"काढा."

"मी?"

"शब्द तुम्ही दिलेला. मी धरतो."

त्याने फ्रेम दोन्ही हातांनी धरली, त्या दिवशी धरली होती तशीच. खिळे गंजलेले, डोकी लाकडात बसलेली. पहिला निघायलाच दहा मिनिटं गेली. बोट चिमटलं, रक्त आलं. "सावकाश," एवढंच तो म्हणाला, पक्कड काही घेतली नाही त्याने. एक एक करत सहाही निघाले. हाराचा दोरा केव्हाच कुजला होता, चंदनाच्या साली हातात भुगा होऊन आल्या. मी तो भुगा कागदात गोळा केला.

आणि मग आम्हा दोघांनाही ते दिसलं. चार वर्षं सेटवरच्या दिव्यांखाली फोटो रंग उडून पिवळा पडला होता, पण हाराखालचा भाग तसाच गडद राहिला होता. हार गेला, आणि मधूदादाच्या गळ्यात हाराच्या आकाराचा पट्टा. त्याने काचेवर फडकं मारलं. पुन्हा मारलं. मग फडकं खाली ठेवलं.

समोर कोपऱ्यात टीव्ही होता, विणलेल्या झाकणाखाली. त्याने फोटो त्या टीव्हीला टेकवून उभा केला, बरोबर सुमनवहिनींच्या समोर.

"बघ गं," तो म्हणाला, "काढला ताईंनी." मग माझ्याकडे वळून, जरा समजूत घातल्यासारखं, "डाग काय, जवळून दिसतो. तिला शेवटी लांबचं कमीच दिसायचं. तिथून नाही कळणार."

तो कपबश्या विसळायला मोरीत गेला. मी उठले, सुमनवहिनींच्या फोटोखाली गेले, त्या बसायच्या तिथे भिंतीला टेकून बसले आणि टीव्हीकडे बघितलं.

हार दिसत होता.